ज्योतीचा रंग कुणाचा?

ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं देवगड तालुक्यात, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या एका गावात गेली. बारावीच्या प्रॅक्टिकलला मुलांच्या हाती एक अनोळखी सॉल्ट द्यायचं आणि त्यातला धातू त्यांनी शोधून काढायचा, हा दरवर्षीचा क्रम. त्यातली सगळ्यांत छोटी आणि मुलांची सगळ्यांत लाडकी परीक्षा म्हणजे फ्लेम टेस्ट. तारेच्या टोकाला कणभर सॉल्ट, बर्नरची निळी ज्योत आणि तिच्यात उमटणारा रंग, एवढाच तिचा पसारा. जर्नलमध्ये तिला दोन ओळी मिळतात. माझ्या मनात मात्र तिने बरीच जागा घेतली. त्यातलं जे टिकून राहिलं ते इथे मांडते आहे.

१. पिवळी ज्योत दिसली, म्हणजे अजून काहीच समजलेलं नसतं. ही गोष्ट मला समुद्राने शिकवली. आमच्या प्रयोगशाळेच्या पश्चिमेकडच्या खिडक्या उघडल्या, की कुणी काही न घालता ज्योतीत पिवळ्या ठिणग्या नाचायच्या. वाऱ्याबरोबर मीठ यायचं आणि मिठात सोडियम. तार बोटांनी हाताळली तर घामातलं सोडियम, बाकावरची धूळ उडाली तर तिच्यातलं सोडियम. १८६० साली हायडलबर्गला रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव किर्कहोफ या दोघांनी याचा अंत पाहायचं ठरवलं. सुमारे ६० घनमीटरच्या खोलीच्या एका कोपऱ्यात त्यांनी ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट भडकवून दिलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला, ज्योतीसमोर, वाट पाहत बसले. काही मिनिटांत ज्योतीत सोडियमची खूण उमटली. त्यांनी हिशोब मांडला : मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी सोडियम ओळखता येतं. पृथ्वीचा एवढा मोठा भाग समुद्राने व्यापलेला असताना हवेत मीठ असणारच, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावात बसून त्यांना ते उमगलं होतं, हे वाचलं तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं होतं. मग मुलांना मी एकच सांगायला लागले. पिवळा आला की लिहू नका, थांबा. क्षणात विझतो तो वाऱ्याचा. ज्योत भरून टाकतो आणि हलत नाही, तो तुमच्या सॉल्टचा.

२. परीक्षेचा अर्धा जीव तार स्वच्छ करण्यात असतो. पुस्तकात प्लॅटिनमची तार लिहिलेली असते. आमच्याकडे नायक्रोमची होती, आणि बऱ्याच ठिकाणी काचेच्या कांडीवरच भागवतात. काच तापली की तिच्यातलंच सोडियम पिवळं दिसायला लागतं, म्हणून कांडीने करायचं तर झटपट पाहून बाजूला व्हावं लागतं. तार वॉच ग्लासमधल्या तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवायची, ज्योतीत धरायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा धरायची, ज्योत आपल्या मूळच्या निळेपणावर येईपर्यंत. मुलांना याचा कंटाळा येतो. आमच्या लॅबमधल्या काकांना कधीच आला नाही. दहावीनंतर शिक्षण सुटलेला हा माणूस दुरूनच एका नजरेत सांगायचा, ‘मॅडम, तार अजून मिठाचीच आसा.’ आणि ती असायचीच.

आम्लाचं काम नुसतं धुण्याचं नाही, हे काकांच्या त्या धीरामुळेच मी नीट लक्षात घेतलं. रंग दिसायचा तर पदार्थाची वाफ व्हायला हवी, आणि धातूंची क्लोराइडं इतर क्षारांपेक्षा सहज वाफ होऊन ज्योतीत शिरतात. मळ जातो तोही क्लोराइड होऊन, आणि सॉल्टचा रंग फुलतो तोही क्लोराइड होऊन. बेरियम सल्फेटसारखं हट्टी सॉल्ट आलं, तर ते आधी ज्योतीच्या आतल्या, हवा कमी पडणाऱ्या भागात धरायचं. तिथे त्याचं सल्फाइड होतं. मग आम्लात बुडवून पुन्हा ज्योतीच्या कडेला आणलं, की इतका वेळ गप्प असलेला हिरवा वर येतो. त्या क्षणी मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं, त्यासाठी मी हा प्रयोग वेळापत्रकात नसतानाही करून दाखवत असे.

३. काही रंग दिसतात ते दुसरा रंग झाकल्यावरच. पोटॅशियमची ज्योत फिकी जांभळी. तिचा बहुतेक उजेड ७६६ आणि ७७० नॅनोमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे माणसाच्या डोळ्याला लाल दिसायचं जिथे जवळजवळ संपतं तिथे. उरलेला थोडा ४०४ च्या जवळ, जांभळ्याच्या दुसऱ्या टोकाला. सोडियमचा पिवळा ५८९ वर, डोळा जिथे चांगला जागा असतो त्या भागात. दोघं एकत्र आले की पोटॅशियम बुडून जातं. यावर उपाय म्हणजे कोबाल्टची निळी काच. ती पिवळा गिळते आणि मागे उभा असलेला लालसर जांभळा दाखवते. आमच्या गावात यासाठी बाटलीतलं सॉल्ट लागायचंच असं नाही. केळीच्या वाळलेल्या साली जाळून केलेली राख पोटॅशियमने भरलेली असते. तिच्यावर आम्लाचा थेंब टाकून, तारेवर घेऊन, नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर पिवळंच दिसे. मग काच डोळ्यापुढे धरायची. परसातल्या केळीत हे होतं, हे मुलींना घरी जाऊन आईला सांगायचं असायचं.

आणि अंधार हवा. दुपारच्या उन्हात पोटॅशियम शोधायला लावणं अन्यायाचं आहे. माझ्या वर्गात पडदे ओढूनच ही परीक्षा व्हायची.

४. रंगाचं नाव घेण्याआधी तो कधी आला आणि कधी गेला, हे पाहावं. सॉल्ट ओळखण्याच्या क्रमातल्या पाचव्या ग्रुपमध्ये कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम एकत्र असतात, आणि पुस्तकात त्यांच्यापुढे विटकरी लाल, किरमिजी लाल, सफरचंदी हिरवा असं छापलेलं असतं. त्या छापील शब्दांवरून ज्योत ओळखायला निघालेली मुलं गोंधळतात, कारण दोन लाल शेजारी ठेवल्याशिवाय कुठला विटकरी आणि कुठला किरमिजी हे कुणालाच सांगता येणार नाही. मी त्यांना वेळ पाहायला लावली. कॅल्शियम लगेच चमकून जातं. बेरियम उशिरा येतं, पण आलं की बराच वेळ ठाण मांडतं. स्ट्रॉन्शियमचा लाल दाट असतो आणि ज्योतीभर चढतो. शिवाय निळी काच इथेही मदतीला येते : तिच्यातून कॅल्शियम फिकट हिरवं दिसतं आणि स्ट्रॉन्शियम जांभळं. एका ज्योतीत एवढं सगळं घडत असतं. ते पाहायला पाच मिनिटं देणाऱ्या मुलाचं उत्तर परीक्षेत हमखास बरोबर यायचं.

५. रंग न ओळखणाऱ्या मुलाने मला फ्लेम टेस्ट शिकवली. लाल आणि हिरव्यात ज्याला फरक करता येत नाही असा एक हुशार मुलगा वर्गात होता. मुलं बेरियम, स्ट्रॉन्शियम म्हणत ओरडायची आणि हा गप्प उभा राहायचा. त्याच्या डोळ्यांत जी शरम मला दिसली, ती त्याने वाहावी असं काहीच नव्हतं. त्याच्यासाठी मी जुनी सीडी शोधली. पुठ्ठ्याच्या खोक्याला ब्लेडने बारीक फट पाडली, आत सीडीचा तुकडा तिरपा बसवला आणि डोळ्यासाठी भोक ठेवलं. सीडीवरच्या खोबणी एकमेकींपासून मिलिमीटरच्या सहाशेव्या भागाएवढ्या जवळ असतात, म्हणून ती उजेड फोडून त्याचा पट्टा करते.

त्या खोक्यातून त्याने स्ट्रॉन्शियम पाहिलं, कॅल्शियम पाहिलं, आणि मग जे बोलला ते मी विसरलेले नाही. ‘मॅडम, ही मधली रेघ प्रत्येक वेळी त्याच जागी आहे. एकात तिच्या दोन्ही बाजूंना पट्टे आहेत, दुसऱ्यात एकाच बाजूला गर्दी आहे आणि लांब पलीकडे एक एकटी रेघ.’ मधली रेघ सोडियमची. कॅल्शियमचा एक पट्टा तिच्या हिरव्या बाजूला, ५५४ च्या जवळ, आणि दुसरा नारिंगी बाजूला, ६२२ च्या जवळ. स्ट्रॉन्शियमची सगळी गर्दी नारिंगी-लालात, आणि दूर निळ्यात ४६१ वर ती एकटी रेघ. त्याने रंगाचं नाव एकदाही न घेता दोन्ही धातू वेगळे केले. ज्या सोडियमला आम्ही सगळे तारेवरून घालवायला धडपडत होतो, तेच त्याला मैलाच्या दगडासारखं उपयोगी पडलं. त्यानंतर वर्गातल्या प्रत्येकाला मी खोक्यातून पाहायला लावलं, आणि चांगले डोळे असलेल्यांनाही त्यात जास्त दिसलं.

पुढे कळलं, की हे आधीही घडलेलं होतं. जर्मनीतल्या फ्रायबर्गला फर्डिनांड राइश यांना १८६३ मध्ये एका जस्ताच्या खनिजातून पिवळसर गाळ मिळाला. त्यांना रंग ओळखता येत नसत, म्हणून स्पेक्ट्रोस्कोपमध्ये पाहायचं काम त्यांनी आपले सहायक थिओडोर रिश्टर यांच्यावर सोपवलं. रिश्टरना जिथे कुणाचीच रेघ नसते अशा जागी गर्द निळी रेघ दिसली. ते नवं मूलद्रव्य होतं, इंडियम. राइश यांची गोष्ट मी त्या मुलाला सांगितली तेव्हा त्याने आनंदाने विचारलं, मग शोध कुणाचा? दोघांचा, असं मी म्हटलं, आणि आजही तसंच मानते.

६. ज्योतीत चमकतो तो आयन नव्हेच. हे जेव्हा नीट समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ खडू हातात धरून फळ्यासमोर उभी होते. आपण ‘सोडियम आयनची परीक्षा’ म्हणतो. पण सोडियम आयन म्हणजे बाहेरचा इलेक्ट्रॉन गमावलेला सोडियम; उरलेले इलेक्ट्रॉन इतके घट्ट बसलेले असतात, की बर्नरच्या आचेने ते हलणारही नाहीत. ज्योतीत मिठाची वाफ होते, वाफेतले रेणू तुटतात आणि सोडियमला आपला इलेक्ट्रॉन परत मिळतो. तो आता पूर्ण अणू असतो. आजूबाजूच्या तापलेल्या कणांच्या धडकांनी त्याचा तो बाहेरचा इलेक्ट्रॉन वर उचलला जातो, आणि सेकंदाच्या सुमारे सहा कोटीव्या भागात खाली येताना ५८९ नॅनोमीटरचा पिवळा उजेड सोडतो. म्हणजे आयनाला ओळखायचं, तर आधी त्याचं आयनपण जावं लागतं.

कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियम याहून पुढे जातात. त्यांचा लाल बहुतांशी अणूचाही नसतो. ज्योतीत पाण्याची वाफ असते, तिच्याशी जुळून त्यांचे हायड्रॉक्साइडचे अल्पजीवी रेणू बनतात, आणि ते रुंद पट्टे त्या रेणूंचे. बेरियमच्या हिरव्याचंही बरंचसं तेच. तांब्याचा निळसर हिरवाही सोबत क्लोरीन आहे की नाही यावर बदलतो. मग रंग कुणाचा म्हणायचा? धातूचा, त्याच्या सोबत्याचा, ज्योतीच्या आचेचा, आणि पाहणाऱ्या डोळ्याचाही. कॅल्शियमचा खरा आयन चमकताना पाहायचा तर सूर्यासारखं तापमान हवं. सूर्याच्या वर्णपटात आयन झालेल्या कॅल्शियमच्या दोन ठळक रेघा ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरवर असतात. किती तापमानाला किती अणू आयन होतील, याचं गणित मेघनाद साहांनी १९२० साली मांडलं. बारावीच्या तारेच्या टोकापासून साहांच्या समीकरणापर्यंतची वाट इतकी सरळ आहे, हे मला कुणी विद्यार्थिनी असताना सांगायला हवं होतं असं फार वाटतं.

७. पिवळी ज्योत काळी पडते. हे ऐकून माझा विश्वास बसला नव्हता. फिजिक्सच्या प्रयोगशाळेत न्यूटनच्या कड्यांसाठी सोडियमचा दिवा असतो. एकदा सुट्टीत आमच्या फिजिक्सच्या सरांनी तो लावला, पुढे दुधी काच ठेवली, खोली बंद केली. त्या पिवळ्या उजेडात मी बर्नर पेटवला आणि मिठात बुडवलेली तार ज्योतीत धरली. मागच्या पिवळ्या पडद्यावर ज्योत काळी दिसू लागली. तार बाहेर काढली की काळेपणा गेला, आत घातली की परत आला. दिव्यातून येणारा नेमका तोच उजेड ज्योतीतले सोडियमचे अणू शोषून घेतात आणि मग चहूकडे फेकतात. डोळ्याच्या दिशेला त्यातला थोडाच येतो, म्हणून तिथे सावली पडते. जो अणू जो उजेड देतो, तोच उजेड तो घेतो.

१८५९ मध्ये किर्कहोफनी हेच केलं, फक्त दिव्याच्या जागी सूर्य घेतला. सूर्याच्या वर्णपटात फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमारास काळ्या रेघांची नोंद केली होती. त्यातली पिवळ्यातली जोडी सोडियमच्या बरोबर जागी पडते. मिठाची ज्योत मध्ये आणली तर ती रेघ उजळून भरून निघेल अशी अपेक्षा, आणि ती आणखी काळी झाली. सूर्यावर सोडियम आहे, हे त्या काळेपणाने सांगितलं. सरांनी आणि मी त्या दिवशी तार किती वेळ आत-बाहेर केली असेल, सांगता येत नाही.

सूर्याच्या वर्णपटाच्या गोष्टीचा एक धागा आमच्याच तालुक्यात आहे. विजयदुर्गच्या किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे आहेत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकयर आपली यंत्रं घेऊन तिथे आले होते. हेलियमचा शोध तिथेच लागला, असं आमच्याकडे अभिमानाने सांगतात. खरं तर सोडियमच्या जोडीशेजारची हेलियमची ती तिसरी पिवळी रेघ, ५८७.६ नॅनोमीटरची, १८६८ मध्येच दिसली होती, आणि त्या वर्षी लॉकयर इंग्लंडातून पाहत होते. भारतात गुंटूरला त्याच वर्षीच्या ग्रहणात फ्रेंच ज्योतिर्विद यान्सेन होते. विजयदुर्गला लॉकयर येईपर्यंत हेलियम पृथ्वीवरही सापडलं होतं, १८९५ मध्ये. मुलांना घेऊन ओट्यांवर गेले की मी हे सगळं सांगायचे. शोधाची तारीख मागे गेली म्हणून त्या दगडांचं मोल कमी होत नाही. त्याच ग्रहणाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. कावसजी नायगमवाला आपल्या वेधशाळेची साधनं घेऊन गेले होते. एक भारतीय माणूस महाराष्ट्राच्या माळावर उभा राहून सूर्याचा वर्णपट टिपत होता, हे ऐकताना मुलं सरसावून बसत.

८. रंग दिसायला क्षण लागतो, हातात यायला फार श्रम पडतात. जर्मनीतल्या बाड ड्युर्कहाइमच्या खनिज पाण्यात बुन्सेनना दोन अनोळखी निळ्या रेघा दिसल्या. १८६० सालची गोष्ट. तेवढ्यावर नव्या धातूची, सिझियमची, घोषणा त्यांनी केली, पण त्याचे क्षार हाती यायला चाळीस टनांहून अधिक पाणी आटवावं लागलं, आणि त्यातून सिझियम क्लोराइड निघालं ते सात-आठ ग्रॅम. पुढच्याच वर्षी लेपिडोलाइट नावाच्या खनिजात गडद लाल रेघा दिसल्या, ते रुबिडियम. तरुणपणी प्रयोगशाळेतल्या एका स्फोटात बुन्सेन यांचा एक डोळा गेला होता; हे सगळं पाहणं एका डोळ्याचं आहे. आज जगातला सेकंद सिझियमच्या अणूवरून मोजला जातो, १९६७ पासून. फळ्यावर मी सिझियम लिहिते तेव्हा आधी ते पाणी आठवतं, दिवसामागून दिवस उकळणारं.

९. मॅग्नेशियम काहीच दाखवत नाही, आणि ते तिथे असतं. जस्ताचंही तसंच. त्यांचा उजेड अतिनीलात पडतो, मॅग्नेशियमचा २८५ नॅनोमीटरवर, जस्ताचा २१४ वर, आणि ज्योतीची आच तिथवर फारशी पोचतही नाही. ‘रंग नाही’ अशी नोंद मुलं नाराजीने करायची. मी त्या नोंदीलाही पूर्ण गुण द्यायचे.

१०. ही परीक्षा उलटीही चालते. तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवून थंड करा, तिला प्लॅस्टिकच्या तुकड्याचा स्पर्श करा आणि पुन्हा ज्योतीत धरा. प्लॅस्टिक पीव्हीसीचं असेल तर ज्योत हिरवी होते, पॉलिथीनचं असेल तर नाही. बाइलश्टाइन यांनी १८७२ मध्ये सांगितलेली ही युक्ती. इथे तांबं माहीत असतं आणि शोधायचं असतं ते क्लोरीन. विजेच्या वायरचं वेष्टण अशा प्रकारे तपासताना मुलांना वाटायचं, की आता आपण खरंच काहीतरी शोधतो आहोत. खिडक्या उघड्या हव्यात मात्र, पीव्हीसीचा धूर वाईट असतो.

दिवाळीच्या फटाक्यांचं रसायन याच कुळातलं : लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा. निळा सगळ्यांत अवघड, कारण तांब्याचा क्लोराइडचा रेणू फार तापला की मोडतो आणि रंग उडतो. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फटाक्यांतल्या बेरियमवर बंदी घातली. तरी अंगणात हिरवा उजेड दिसला की मन एकदम लहान होतं आणि त्याच वेळी काळजीतही पडतं. दोन्ही खरं आहे, आणि मी दोन्ही मुलांना सांगत आले.

११. एक गोष्ट कळकळीने. वेगवेगळी सॉल्टं मेथेनॉलमध्ये घालून बश्यांत पेटवायची आणि इंद्रधनुष्य दाखवायचं, असा एक प्रयोग फार लोकप्रिय आहे. कृपा करून तो करू नका. मेथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. बशी विझली असं समजून कुणी बाटलीतून पुन्हा ओततं, वाफ पेटते, आग बाटलीत शिरते आणि समोर बसलेल्यांवर झोत जातो. अमेरिकेतल्या शाळांमध्ये यात मुलं भयंकर भाजली आहेत. तारेच्या टोकावरचा रंग तेवढाच सुंदर असतो. प्रत्येकाला जवळून दिसायला वेळ लागतो, तो द्यावा.

१२. डोळ्याला न दिसणारा रंगच सगळ्यांत जास्त कामाला येतो. घरात कुणी म्हातारं माणूस गळून गेलं, बरळायला लागलं की ‘सोडियम कमी झालंय’ हे आता प्रत्येक घराला माहीत आहे. रक्तातलं सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल हवं, पोटॅशियम साधारण साडेतीन ते पाच. आज पॅथॉलॉजी लॅबमध्ये ते इलेक्ट्रोडने मोजतात, पण त्याआधी कितीतरी वर्षं फ्लेम फोटोमीटरने मोजत. रक्ताचा पातळ केलेला नमुना ज्योतीत फवारायचा, गाळणी-काचेतून एकाच रंगाचा उजेड घ्यायचा आणि किती उजेड पडला ते यंत्राने वाचायचं. तत्त्व तेच, तारेच्या टोकाचं. आपल्या डोळ्याला धूसर वाटणारा पोटॅशियमचा लाल यंत्राला स्वच्छ दिसतो.

माझी एक विद्यार्थिनी माती परीक्षण प्रयोगशाळेत असं यंत्र चालवते. हापूसच्या बागांची माती येते, अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणात हलवून गाळली जाते, आणि ज्योतीतून पालाशचा, म्हणजे पोटॅशियमचा, आकडा निघतो. मी तिच्याकडे एक सकाळ बसले. नमुन्याआधी ती नुसतं द्रावण फवारते, मग माहीत असलेल्या प्रमाणांची द्रावणं, आणि मगच शेतकऱ्याची माती. सोडियम मोजायचं असेल आणि मातीत कॅल्शियम भरपूर असेल, तर कॅल्शियमचा नारिंगी पट्टा सोडियमच्या खिडकीतून आत डोकावतो आणि आकडा फुगवतो. त्याची काळजी ती आधी घेते. त्या सकाळी एक बागायतदार काका पिशवीत माती घेऊन आले होते. तिने पिशवी उघडली, माती बोटांत चोळली, आणि विचारलं, ‘काका, ही आळ्यातली ना? खत कधी घातलंत?’ महिनाही झाला नव्हता. तिने यंत्राला हातही लावला नाही. पिशवी परत बांधून दिली, नमुना कुठून, किती खोल आणि खतानंतर किती थांबून घ्यायचा हे एका कागदावर लिहून दिलं, आणि पुढचा नमुना हाती घेतला.